न्यायाधीश मतपेटीतून नको, बंद दाराआडूनही नको

अमरावतीचे सुपुत्र न्या. भूषण गवई यांनी १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली, तेव्हा वऱ्हाडातील वस्तीवस्तीत आनंद झाला. देशाचे ते पहिले बौद्ध सरन्यायाधीश आणि न्या. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित सरन्यायाधीश. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले. प्रश्न मात्र उरला : पाऊणशे वर्षांत दोनच का?

सरकारनेच दिलेले आकडे पाहा. २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत उच्च न्यायालयांत ६०४ न्यायाधीश नेमले गेले. त्यात खुल्या प्रवर्गातील ४५८. अनुसूचित जातींचे १८, जमातींचे ९! १९९३ च्या निकालापासून न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. ना जाहिरात, ना परीक्षा.

यावर आपले काही तरुण विचारतात, अमेरिकेतील अनेक राज्यांत जनता मतदानाने न्यायाधीश निवडते, मग येथे का नको? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नको. २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात न्यायाधीशाच्या एका जागेच्या निवडणुकीवर सुमारे दहा कोटी डॉलर उधळले गेले. आपल्याकडे पैशाच्या जोडीला जात येईल. १९५४ साली भंडाऱ्यात साक्षात बाबासाहेबांना पराभूत करणारी ही मतपेटी आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर आणि अमरावतीतून दादासाहेब गवई लोकसभेत गेले, पण त्यासाठी काँग्रेसशी युती करावी लागली. खासदाराने युती केली तर ते राजकारण. न्यायाधीशाने केली तर न्याय कुठे राहिला?

खैरलांजी आठवा. २००६ च्या त्या हत्याकांडात ॲट्रॉसिटी कायदा न्यायालयात टिकला नाही. तो खटला चालविणाऱ्या न्यायाधीशाला उद्या त्याच गावांत मते मागायला जायचे असते तर?

बाबासाहेबांनी २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत मधला मार्ग मांडला. नेमणुका केवळ सरकारच्या मर्जीवर नकोत आणि सरन्यायाधीशालाही नकाराधिकार नको. तोही माणूसच आहे, असे त्यांनी बजावले होते. आज तो इशारा कोण ऐकतो?

म्हणून आमची मागणी अशी : संविधानाच्या कलम ३१२ नुसार अखिल भारतीय न्यायिक सेवा सुरू करा. जिल्हा न्यायाधीश खुल्या परीक्षेतून आणि आरक्षणासह निवडा. त्यासाठी राज्यसभेत दोन तृतीयांश मतांचा ठराव लागतो. आपली मते मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला विचारा, हा ठराव कधी मांडणार?

आणि एक काम आपलेही आहे. कनिष्ठ न्यायाधीशांची परीक्षा आजही होते, तिथे आरक्षणही आहे. अमरावती-अकोल्यातील प्रत्येक विहारात कायद्याची पुस्तके आणि रात्रीची अभ्यासिका हवी. गवई साहेबांचे स्वागत आपण केले. आता त्या खुर्चीकडे जाणाऱ्या वाटेवर आपल्या लेकीबाळींना उभे करू या. जयभीम!