फेरी बंद करण्यापूर्वी गावाला विचारा

शहापूर-मुरबाड रस्त्यावरील सापगावसारख्या गावात एसटीची एक फेरी बंद होते, तेव्हा त्याची बातमी होत नाही. आगारातील वेळापत्रकाची एक ओळ खोडली जाते, एवढेच. पण त्या एका ओळीवर कुणाचे महाविद्यालय, कुणाचा दवाखाना, तर कुणाची आसनगावहून सुटणारी लोकल अवलंबून असते. मुरबाडला अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही आणि शहापूरकरांची रेल्वे आसनगावला आहे. या दोन्ही तालुक्यांतील खेड्यापाड्यांचा बाहेरच्या जगाशी असलेला दुवा म्हणजे एसटी. तो दुवा तोडण्याचा किंवा वळवण्याचा निर्णय घेताना ज्यांचे जीवन त्यावर चालते त्यांना एका शब्दाने विचारले जाऊ नये, हे लोकशाहीला शोभणारे आहे काय?

याविषयी आपला कायदा काय म्हणतो, ते पाहण्यासारखे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार एखादा मार्ग शासकीय परिवहन उपक्रमाकडे देण्याची योजना आखली, तर ती प्रसिद्ध करावी लागते. कलम १०० अन्वये कोणालाही तीस दिवसांत हरकत घेता येते आणि शासनाला हरकतदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. म्हणजे मार्ग कोणी चालवावा, याबद्दल सुनावणी आहे. मात्र त्या मार्गावर सकाळी सहाची गाडी धावावी की न धावावी, याबद्दल प्रवाशाला असा अधिकार नाही. धंदा करणाऱ्याचे ऐकायचे आणि थांब्यावर उभ्या असलेल्याला गृहीत धरायचे, अशी ही विसंगती आहे.

एसटीची अडचण आम्ही जाणतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या सेवेने महाराष्ट्राची खेडी जोडली. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपाने तिचे कंबरडे मोडले. जुन्या गाड्या, अपुरे मनुष्यबळ आणि इंधनाचा खर्च यांमुळे प्रत्येक फेरीचे भारमान तपासणे अधिकाऱ्यांना भाग आहे. सगळ्या गावांना सगळ्या वेळी गाडी मिळणे शक्य नाही, हेही मान्य. परंतु भारमानाचा आकडा सर्व काही सांगत नाही. सकाळी शहापूरकडे भरून जाणारी गाडी परतताना रिकामी येणारच. गाडी लोकलच्या वेळेआधी दहा मिनिटे पोहोचण्याऐवजी पाच मिनिटे उशिरा पोहोचत असेल, तर प्रवासी नाइलाजाने जीपगाडीत बसतो. मग भारमान घटते आणि घटले म्हणून फेरी रद्द होते. वेळ चुकली होती, प्रवासी संपले नव्हते, हे कागदावर दिसत नाही. ते गावालाच ठाऊक असते. म्हणून गावाला विचारणे ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. महामंडळाच्या हिताचाच तो मार्ग आहे.

शासनाच्या सवलतींचे मोलही याच प्रश्नाशी जोडलेले आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. या योजना स्वागतार्हच आहेत. पण पास दप्तरात आहे आणि गाडी आलीच नाही, तर त्या पासाचा उपयोग काय? आणि गाडी बंद झाली की घरातून सर्वांत आधी शिक्षण सुटते ते मुलीचेच. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचा काही भागही त्यात येतो. येथील वनवासी पाड्यावरील मुलीपर्यंत जे पोहोचत नाही, त्याला विकास म्हणता येणार नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जाऊन पूर्ण झाला. नागपूर जवळ आले, याचा आनंद आहेच. पण पाड्यापासून तालुक्याचे गाव दूर जाता कामा नये.

अमेरिकेत केंद्रीय निधी घेणाऱ्या शहरी परिवहन संस्थांना भाडेवाढ किंवा मोठी सेवाकपात करण्यापूर्वी जनतेचे म्हणणे मागवून त्याचा विचार करावा लागतो. आपल्याला मात्र परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. ग्रामसभा आपल्याकडे आहे, तिला संविधानाचा आधार आहे. जुलै २०२४ पासून महामंडळाने ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला आणि विभाग नियंत्रकांनी आगारात येऊन प्रवाशांचे म्हणणे ऐकावे, असे ठरवले. उपक्रम चांगला आहे, पण त्यात तक्रार निर्णयानंतर येते. राजाला निर्णयापूर्वी विचारतात. फेरी बंद करायची वा मार्ग बदलायचा असेल, तर त्याची सूचना महिनाभर आधी थांब्यावर, ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावावी, कारण व भारमान सांगावे, ग्रामसभेचा ठराव मागवावा आणि तो अमान्य केल्यास लेखी उत्तर द्यावे. याला फारसा खर्च नाही.

अर्थात, विचारणे हे शासनाचे कर्तव्य असेल, तर नेमके सांगणे हे समाजाचे आहे. निवेदने देऊन आणि रस्ता अडवून काम होत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी एक आठवडा थांब्यावर उभे राहून नोंद करावी: कोण, कुठे, किती वाजता जातो, महाविद्यालयाची घंटा केव्हा, लोकल केव्हा, रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग केव्हा. माहितीच्या अधिकारात आगाराकडून फेरीनिहाय उत्पन्न मागावे. दोन्ही कागद ग्रामसभेपुढे ठेवावेत. त्यातून एखादी फेरी खरोखरच निरुपयोगी दिसली, तर तसे प्रांजळपणे मान्य करून तीच गाडी अधिक उपयोगाच्या वेळी मागावी. आणि गाडी मिळाल्यावर तिनेच प्रवास करावा. जीपगाडीतून जाऊन एसटीचा आग्रह धरता येत नाही.

एसटी ही समाजाची मालमत्ता आहे. तिचा मार्ग आगाराने आणि गावाने एकत्र बसून ठरवला, तरच ती शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचेल आणि टिकेलही.