टर्बो जुना, हमी कुणाची?

'एमएच-०५' क्रमांकाची मोटार विकायची झाली, तर कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे नमुना २९ आणि ३० भरून द्यावे लागतात, नोंदणीची व विम्याची कागदपत्रे जोडावी लागतात. त्याच मोटारीचा टर्बोचार्जर काढून विकला, तर मात्र चार छायाचित्रे, 'उत्तम स्थितीत' असा शेरा आणि फोनवरून पाठविलेले पैसे एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातील मोटारवेड्या तरुणांत इंटरनेटवरून चालणारी ही देवघेव वरकरणी निरुपद्रवी वाटते. तिच्यातील जोखीम मात्र जवळजवळ सगळी खरेदीदाराच्याच माथी येते.

या मालाला मागणी का, हे समजणे कठीण नाही. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत बसत असे. साधारण ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो, तर ९० च्या घरातील आवृत्तीत बदलत्या पात्यांचा. एप्रिल २०२० मध्ये 'बीएस-६' मानके लागू झाली आणि हे इंजिन नव्या गाड्यांतून गेले. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या राहिल्या. कुणाला बिघडलेला टर्बो बदलायचा असतो, कुणाला धाकट्या इंजिनावर थोरला बसवायचा असतो.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल कमी पडले वा जळून नळीत त्याचा कोळसा झाला, तर बेअरिंग झिजते. ही झीज छायाचित्रात दिसत नाही. दांडा आडवा किंचित हलणे स्वाभाविक असते. पुढेमागे जाणवण्याइतका हलत असेल, तर मात्र माल खराब समजावा. पाती घराला घासली आहेत का, एक्झॉस्टच्या बाजूला तडे आहेत का, हवेच्या बाजूला तेल साचले आहे का, हेही हातात घेऊनच कळते. तुटलेल्या पात्याचा तुकडा इंजिनात गेला, तर टर्बोवर वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. (चांगला टर्बोही जुनीच तेलनळी ठेवून बसविला, तर अल्पायुषीच ठरतो, तो दोष मग विक्रेत्याच्या नावे जमा होतो.)

कायद्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. बिघडलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसविणे ही दुरुस्ती. क्षमता वाढविण्यासाठी वेगळा टर्बो बसविणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकते. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. प्रदूषण तपासणीत डिझेल गाडीचा धूर मोजला जातो. टर्बो कुणी उघडून पाहत नाही. साहजिकच कायदा आठवतो तो अपघातानंतर, विमा कंपनीचा सर्वेक्षक दारात आल्यावर.

त्याहून गंभीर प्रश्न मालकीचा. नोंदणीत इंजिन आणि चॅसीचा क्रमांक असतो, टर्बोचा नसतो. चोरीच्या गाडीचा सुटा भाग ओळखणे त्यामुळे अवघड होते. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विक्रेत्याकडे नसलेली मालकी खरेदीदाराला सहसा मिळत नाही, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा प्रामुख्याने व्यापाऱ्यासाठी आहे; हौशी माणसाने एकदाच केलेल्या विक्रीत त्याचा आधार मिळणे कठीण.

विक्रेताही निर्धास्त नसतो. पैसे 'घेण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला लावून खाते रिकामे करण्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत.

दोघांनाही उपयोगी पडेल अशी सोय साधी आहे: टर्बोच्या पट्टीवरील क्रमांक, तो ज्या गाडीतून काढला तिचा चॅसी क्रमांक, काढण्याचे कारण आणि दोघांच्या सह्या असलेली एक पावती. पट्टीच खरवडलेली असेल, तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार तिथेच थांबवावा.