कमाल दहा, किमान एक

अमेरिकेतल्या एका कॅम्पसवर परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारे अधिकारी, म्हणजे डीएसओ, किती असावेत? मे २०१५ पर्यंत या प्रश्नाला नियमात नेमके उत्तर होते. जास्तीत जास्त दहा. विद्यार्थी दोनशे असोत की सात हजार, डीएसओ दहाच. काळजी होती ती सेव्हिसची, म्हणजे या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीची, किल्ली किती हातांत जावी याची. मग ही मर्यादा उठली, आणि कॉलेजांना गरजेप्रमाणे डीएसओ नेमण्याची मुभा मिळाली. योग्यच झाले. पण विद्यार्थ्यांच्या प्रमाणात कमीत कमी किती, हा प्रश्न तेव्हाही कुणी नियमात घातला नाही, आजही तो तिथे नाही. कॅम्पसवर एक प्रमुख डीएसओ असला की नियमाचे भागते.

या एका आकड्यापाशी थांबायला हवे. कारण नियमांत बाकी सगळे मोजलेले आहे. विद्यार्थ्याने घर बदलले तर दहा दिवसांत कळवायचे. कॉलेजने ते एकवीस दिवसांत सेव्हिसमध्ये चढवायचे. सत्र सुरू झाले की तीस दिवसांत विद्यार्थी हजर असल्याची नोंद करायची. ती केली नाही, तर पुढे प्रणालीच ती नोंद आपोआप बंद करते. ओपीटीसाठी, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या तात्पुरत्या परवानगीसाठी, डीएसओने शिफारस टाकली की तीस दिवसांच्या आत अर्ज सरकारकडे पोचला पाहिजे. दिवस मोजले, तास मोजले, क्रेडिट मोजले. हे सगळे करणारी माणसे तेवढी मोजायची राहिली.

डीएसओ सरकारी नोकर नसतो. त्याला पगार कॉलेज देते, पण त्याच्या हातातला अधिकार केंद्र सरकारच्या कायद्यातून येतो. मोठ्या विद्यापीठात त्याचे स्वतंत्र ऑफिस असते. लहान कॉलेजात हे काम अनेकदा रजिस्ट्रारकडे किंवा प्रवेश विभागातल्या कुणाकडे असते, मूळ कामाच्या जोडीला. ती व्यक्ती रजेवर गेली की खिडकी बंद.

ही खिडकी बंद असते तेव्हा काय होते? पहिल्याच वर्षात आजारी पडलेल्या एखाद्या मुलीचा विचार करा. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला बारा क्रेडिट घ्यावेच लागतात. तिला एक विषय सोडायचा आहे. डॉक्टरांचे पत्र तिच्याकडे आहे, कारण खरे आहे, आणि नियमही तिच्या बाजूने आहे. आजारपणासाठी कमी क्रेडिटची परवानगी मिळते. अट एवढीच की डीएसओने ती सेव्हिसमध्ये आधी नोंदवली पाहिजे, विषय त्यानंतर सोडायचा. कॉलेजच्या पोर्टलवर मात्र विषय सोडण्याचे बटण मध्यरात्रीही चालते. दोन मेलना उत्तर आले नाही आणि विषय सोडण्याची मुदत आज संपते आहे. ती बटण दाबते. झाले. विद्यार्थी म्हणून देशात राहण्याचे तिचे स्टेटस गेले. आता ते परत मिळवायला वेगळा अर्ज, वेगळी फी, महिनोन्‌महिने वाट पाहणे, आणि उत्तर नकाराचे येण्याची टांगती तलवार. चूक कुणाची, हे तिथे उलगडून सांगायची जबाबदारीही तिचीच.

कॉलेजने नियम पाळले नाहीत तर कॉलेजलाही शिक्षा आहे. परदेशी विद्यार्थी घेण्याच्या प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते, कागदपत्रे तपासली जातात, प्रमाणपत्र काढूनही घेता येते. पण प्रमाणपत्र गेले की कुणाचे काय जाते? कॉलेजचे परदेशी विद्यार्थी घेणे थांबते. तिथे आधीच शिकत असलेल्या विद्यार्थ्याला दुसरे कॉलेज शोधावे लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. म्हणजे कॉलेज चुकले तरी भुर्दंड विद्यार्थ्याला, आणि कॉलेजला शिक्षा झाली तरी तीही विद्यार्थ्याच्याच माथी. कॉलेजला नियम पाळायला मदत करायची ती यासाठी. कॉलेजच्या सोयीचा प्रश्न त्यानंतर येतो.

मदत मिळत नाही असे कुणी म्हणू नये. सरकारकडे फोनवर उत्तरे देणारे केंद्र आहे. २०१४ पासून कॉलेजांना जाऊन भेटणारे क्षेत्रीय प्रतिनिधी आहेत. डीएसओंसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आहे. नाफ्सा ही व्यावसायिकांची संघटना १९४८ पासून काम करते आहे, तिच्या कार्यशाळा भरतात. हे सगळे उपयोगाचे आहे. पण ही सगळी मदत माहितीची आहे. नियम काय आहे हे डीएसओला बहुतेक वेळा ठाऊकच असते. त्याच्याकडे वेळ नसतो. ज्याच्या इनबॉक्समध्ये तीनशे मेल साचले आहेत, त्याला आणखी एक मार्गदर्शक पुस्तिका पाठवून त्यातला एकही मेल कमी होत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये हे लख्ख दिसले. हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी सरकारकडूनच बंद झाल्या. अनेक कॉलेजांना त्याची सूचनाही आली नाही. कळले कसे? डीएसओंनी स्वतः सेव्हिस उघडले, एकेक नाव तपासले, आणि विद्यार्थ्यांना फोन केले. कोर्टात दावे उभे राहिले, महिनाअखेरीस नोंदी पुन्हा सुरू करण्याचे सरकारने जाहीर केले. पण त्या तीन-चार आठवड्यांत विद्यार्थ्याला पहिली बातमी वेळेवर मिळाली की नाही, हे यावर ठरले की त्याच्या कॉलेजात रोज सकाळी यादी उघडून पाहायला कुणी मोकळे होते का. वकील गाठायला मिळालेले चार दिवस त्या एका माणसामुळे मिळाले. ज्या कॉलेजात असा माणूस नव्हता, तिथल्या मुलांना ते चार दिवस मिळाले नाहीत.

आणि पैसे नाहीत हे कारण पटणारे नाही. व्हिसाच्या मुलाखतीआधी प्रत्येक विद्यार्थी सेव्हिसची फी भरतो. जून २०१९ पर्यंत ती २०० डॉलर होती, तेव्हापासून ३५० आहे. हा सगळा कारभार विद्यार्थ्यांच्या आणि कॉलेजांच्या फीवरच चालतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. पुण्याच्या, नागपूरच्या, सांगलीच्या घरांतून ही फी गेली आहे. आपली नोंद नीट ठेवली जावी म्हणून या मुलांनी घर सोडण्याआधीच पैसे मोजले आहेत. त्यावर फोनला उत्तर मिळण्याचा त्यांचा हक्क आहे. ती मेहेरबानी नव्हे.

नियमात एक कलम फार चांगले आहे. परदेशी विद्यार्थी मोबदला घेऊन गोळा करणे हेच ज्याचे मुख्य काम, त्याला डीएसओ होता येत नाही. विद्यार्थी आणणारा आणि विद्यार्थ्याची नोंद राखणारा, हे दोघे वेगळे हवेत, हे कायद्याला समजले आहे. मग आणणारे किती आणि राखणारे किती, हे कॉलेजला विचारायला काय हरकत आहे? प्रवेशाच्या जत्रेत पुण्याच्या हॉटेलात टेबल मांडून बसायला कॉलेजची तीन माणसे विमानाने येतात. त्याच कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओ किती आहेत, हे त्या टेबलावर पालकांनी विचारावे. रँकिंग विचारतात, प्लेसमेंट विचारतात, हॉस्टेलचे जेवण विचारतात. एवढेही विचारावे, आणि आकडा लिहून घ्यावा.

सरकारने तर विचारलेच पाहिजे. त्यासाठी नवा फॉर्म नको, नवी समिती नको. कोणत्या कॅम्पसवर आज किती विद्यार्थ्यांच्या नोंदी चालू आहेत, हे सेव्हिसमध्ये आहे. त्या कॅम्पसवर किती डीएसओ आहेत, तेही त्याच सेव्हिसमध्ये आहे. दोन वर्षांनी नूतनीकरणाची फाइल टेबलावर येते तेव्हा पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर सहाशे आले, तर कॉलेजला पुस्तिका पाठवण्याआधी आणखी एक माणूस नेमायला सांगायचे.