कोड्याचे उत्तर आणि उत्तराची फोड

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी, निटनी डोंगराच्या आसमंतात, स्टेट कॉलेज नावाचे एक नगर आहे. नवख्या मनुष्यास हे नाव पहिल्याच दिवशी चकविते. कॉलेज कोणते, असे त्याने विचारले तर त्यास सांगावे लागते की, हे गावाचे नाव. या नावाचे कॉलेज आता येथे नाही. येथील विद्यासंस्था १८५५ मध्ये शेतकऱ्यांची शाळा म्हणून स्थापन झाली. १८७४ मध्ये तिला पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेज हे नाव मिळाले आणि तिच्याभोवती वाढलेली वस्ती १८९६ मध्ये त्याच नावाचे रीतसर नगर झाली. पुढे १९५३ मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले आणि त्याच्या टपालासाठी युनिव्हर्सिटी पार्क हे निराळे नाव योजण्यात आले. गाव मात्र जुनेच नाव लावून राहिले. शब्द एक दाखवितो आणि वस्तू दुसरीच निघते! शनिवार-रविवारी वृत्तपत्र पुढ्यात घेऊन गूढ शब्दकोडी सोडविणाऱ्यांना जे व्यसन जडते, त्याचे बीज एवढ्यातच आहे.

शब्दकोडे म्हणजे चौकटी भरण्याचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात पहिले कोडे छापले, तेव्हा तो खेळ तसा होताही. एका शब्दाचा अर्थ द्यावयाचा आणि वाचकाने तो शब्द आठवावयाचा. यात परीक्षा होते ती स्मरणशक्तीची. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी इंग्लंडात ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉइस मॅथर्सने या खेळाला निराळे वळण दिले आणि गूढ संकेतांचे कोडे जन्मास आले. अमेरिकेत ते थोडे परकेच राहिले. फ्रँक लुइस यांनी ‘द नेशन’ या साप्ताहिकात १९४७ पासून २००९ पर्यंत अशी कोडी रचली, आणि संगीतनाटककार स्टीफन सॉन्डहाइम यांनी १९६८ पासून ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकात ती देऊन त्यांस नवे चाहते मिळवून दिले. तथापि बहुसंख्य अमेरिकन वाचक आजही साध्या कोड्यावरच संतुष्ट आहेत.

गूढ संकेताची रचना मुळात सोपी आहे. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांनी कसे घडविले आहे, याची खूण असते. दोहोंमधला सांधा मात्र मुद्दाम झाकलेला असतो. उदाहरणादाखल हा मराठी संकेत पाहावा: ‘आमचा वडीलधारा मनात बाळगतो गावच्या पंचांची जागा (३)’. वरवर वाचले तर एखाद्या वृद्धाचे शब्दचित्र वाटते. पण ‘मनात बाळगतो’ ही लपविल्याची खूण आहे. ‘आमचा वडीलधारा’ या दोन शब्दांच्या सांध्यावर बोट ठेवले की ‘चा’, ‘व’, ‘डी’ ही अक्षरे ओळीने हाती येतात. चावडी! आणि गावचे पंच बसतात ती जागाही चावडीच. दोन वाटांनी निघालेला मनुष्य एकाच दारी पोहोचतो, तेव्हा उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणास विचारण्याची गरज उरत नाही.

दुसरा संकेत: ‘आणि सालींच्या आत दडला झाडाचा गारवा (३)’. येथे ‘आणि’ म्हणजे ‘व’. तो ‘साली’ या शब्दाच्या पोटात बसविला की ‘सावली’. तिसरा याहून लहान: ‘मांडवात उभा, देवाकडून मिळालेला (२)’. नवरदेवही वर आणि देवाने दिलेले वरदानही वर. अक्षरे उलटविण्याची युक्ती तर घरोघरी ठाऊक आहे; ‘मरा, मरा’ म्हणता म्हणता वाल्या कोळ्याच्या मुखी राम आला, ही कथा ज्याने ऐकली त्यास ती शिकवावी लागत नाही.

उत्तर सापडले म्हणजे कोडे सुटले, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. अडलेल्या चौकटीत शेजारच्या अक्षरांच्या आधाराने अंदाजाने शब्द बसविता येतो, आणि आज तर यंत्रास विचारले की यंत्रही सांगते. खरा लाभ आहे तो फोड करून सांगण्यात. खूण कोणती, अर्थ कोठे संपला, घडण कोठून सुरू झाली, हे मुलाने चार माणसांदेखत सांगितले तरच त्याने ते वाक्य वाचले, असे म्हणता येईल. वाचणे आणि वाचल्यासारखे करणे यांतील अंतर शाळेच्या परीक्षेत पुष्कळदा उघडे पडत नाही. तीन अक्षरांच्या कोड्यात ते तत्काळ पडते.

मुंबई इलाख्यात एके काळी या भेदाचा निवाडा न्यायालयांपर्यंत गेला होता. रोख बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे तेथे मोठे पेव फुटले होते. प्रवेशमूल्य भरावयाचे आणि दोन-तीन सारख्याच योग्य शब्दांपैकी एक निवडून पाठवावयाचा. चालकाच्या बंद लिफाफ्यातील शब्दाशी तो जुळला तर बक्षीस! मुंबई सरकारने १९४८ मध्ये या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांना मनाई केली. आणि १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असल्या स्पर्धा हा जुगार आहे, त्यांस व्यापाराचे संरक्षण नाही, असे ठरविले. फोड नसलेल्या कोड्याची गती ही अशी होते. उत्तर का बरोबर, हे जेथे सांगता येत नाही, तेथे लिफाफा ज्याच्या हाती तोच शहाणा ठरतो.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा साहेबी खेळ. मराठीस त्याचे काय? असा प्रश्न कोकणातून समुद्रापार गेलेल्यांच्या वंशजांनी तरी विचारू नये. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ज्या श्लोकाचे उत्तर त्याच्याच अक्षरांत दडलेले असते, त्यास संस्कृतात अंतर्लापिका म्हणतात. वर दिलेली चावडी ही तिचीच धाकटी बहीण. व्यासांनी गणपतीस क्षणभर थांबविण्यासाठी कूटश्लोक रचले, ही कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेबाहेर ठेवली आहे खरी, पण लोकांच्या मनातून ती बाहेर गेलेली नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो कोणता, हे ऐकणाऱ्याने ओळखावयाचे असते. पंडितांचे आणि संतांचे राहू द्या. रत्नागिरीकडच्या जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले परस्परांस पुराणातील कोडी घालतात आणि उत्तर न देणाऱ्या पक्षाची सभेत फजिती होते. मजुरीसाठी मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी हीच जाखडी बरोबर नेली. तेथे ती ‘झाकरी’ झाली आणि गणेशचतुर्थीस अद्यापि घुमते. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना कोडे घालता येत होते आणि सोडविताही येत होते.

मात्र इंग्रजी संकेतांचे शब्दशः मराठीकरण करून काही साधणार नाही. इंग्रजी कोडे सुट्या सव्वीस वर्णांवर चालते, त्यामुळे अक्षरांची उलथापालथ हा त्याचा मुख्य आधार. मराठी चौकटीत काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते. ‘क’ आणि ‘का’ एका घरात नांदत नाहीत. आडव्या शब्दाची वेलांटी उभ्या शब्दासही मानवली पाहिजे. म्हणून उलथापालथ येथे लंगडते. उलट शब्द लपविणे, पोटात घालणे, सभंग श्लेषाने तोडणे यांत मराठी फार रमते. आपली वृत्तपत्रे बहुधा समानार्थी शब्दांच्या कोड्यांवर समाधान मानतात, ही खेदाची गोष्ट आहे. एवढे सामर्थ्य अंगी असलेली भाषा नुसती आठवणीच्या कामावर जुंपली जाते.

आणि गिरमिटियांच्या घराण्यांस तर या कसरतीचे कारण अधिक जवळचे आहे. १८३४ पासून पुढे मॉरिशसच्या किनाऱ्यावर सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर उतरले. पहिल्या तुकडीच्या कागदावर पाच वर्षे आणि महिना पाच रुपये असे होते. ऐकणाऱ्याने रुपये मोजले आणि निशाणी केली. पुढे एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत आली, तेव्हा मोजलेले रुपये हाती पडेनात. वरचा अर्थ मजुराला सांगितला गेला, आतली घडण मालकापाशी राहिली. त्या कागदाचे ‘अॅग्रिमेंट’ हे नाव हिंदी मजुरांच्या जिभेवर ‘गिरमिट’ झाले. योगायोग असा की, मराठी सुतार लाकडास भोक पाडण्याचे जे हत्यार वापरतो तेही गिरमिट. तो शब्द इंग्रजी ‘गिमलेट’वरून आला. म्हणून ‘सुताराचे हत्यार, मजुराचा कागद (४)’ हा संकेत रचताना कोणास काही कल्पना लढवावी लागत नाही. इतिहासानेच तो रचून ठेविला आहे.

स्टेट कॉलेजसारख्या विद्यापीठाच्या गावी मराठी घर पुण्याहून आलेले असो वा पोर्ट लुईहून, तेथील मुले इंग्रजी कोडे आईबापांहून लवकर सोडवितात आणि मराठी आजीशी बोलण्यापुरते वापरतात. त्यांना व्याकरणाचे तक्ते देऊन भाषेची गोडी लागेल, ही आशा व्यर्थ आहे. रविवारच्या मराठी वर्गात पंधरा मिनिटे काढावीत. पाच संकेत फळ्यावर लिहावेत, आणि उत्तरास गुण न देता फोडीस द्यावेत. महिनाभराने संकेत मुलांनीच रचावेत. ते ओबडधोबड निघतील, निघू द्यावेत. आजीला फोन करून ‘साली’ म्हणजे काय, ‘चावडी’ म्हणजे काय, हे त्यांनी विचारावे. सांस्कृतिक मंडळांच्या स्मरणिकांत जाहिरातींसाठी इतकी पाने निघतात, त्यांत एक पान कोड्यास निघण्यास अडचण नसावी. उत्तरे त्याच अंकात छापू नयेत. पुढील मेळाव्यात मुलांनी उभे राहून सांगावीत.

आरंभास हा एक संकेत पुरे: ‘“चाकरा, रडू नको” या बोलण्यातच दडले आहे कागदाचे बंधन (३)’.