सराव झालेले हात

रामटेक तालुक्यात धान निसवण्याचे हे दिवस. बांध्यांतून अनवाणी पावले फिरत आहेत आणि रात्री कित्येक घरांत जमिनीवरच अंथरुणे पडत आहेत. नेमक्या याच दिवसांत, १९ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सर्पदंश जागृती दिन येतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. आता प्रश्न आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आहे, आणि कोरोनापासून हे प्रशिक्षण मोठ्या प्रमाणात मोबाइलवर आले आहे.

त्याचे मोल आम्ही जाणतो. देवलापारकडच्या जंगलपट्ट्यातील सिस्टरला प्रत्येक धड्यासाठी नागपूर गाठावे लागले, तर तेवढा वेळ तिचे गाव उघडे पडते. मण्यारच्या दंशाची खूण अनेकदा दिसत नाही, दुखतही नाही. पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात. हे दहा मिनिटांच्या चांगल्या व्हिडिओतून समजते, विसरले तर पुन्हा पाहता येते.

पण त्याच विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर रामटेक ते नागपूर या सुमारे पन्नास किलोमीटरभर कुणाला तरी श्वास देणारी अंबू बॅग दाबत राहावी लागते. अंगठा आणि तर्जनीने मास्क घट्ट धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा. किंचित फट राहिली की हवा निसटते, छाती उचलत नाही. ती फट हातालाच कळते. घोणसच्या दंशात रक्त गोठते का, हे पाहण्यासाठी ते काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निदान फसते. रिअॅक्शनच्या धास्तीने सर्पविषावरची लस न देताच रुग्ण पुढे पाठवला जातो, तेव्हाही उणीव सरावाचीच असते.

विदर्भाला हाताच्या सरावाचे असे प्रशिक्षण नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मोजक्या इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना गुदमरलेल्या नवजाताला श्वास द्यायला शिकवले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या यशामागे हाताचा सराव होता आणि चुका दुरुस्त करायला नियमित येणारे पर्यवेक्षकही होते.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. समजून घेण्याचा भाग ऑनलाइन असावा, पण मराठीत आणि ड्यूटीच्या वेळेत. दर तीन महिन्यांनी रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात अर्धा दिवस पुतळ्यावर सराव व्हावा. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आणि एम्सच्या शिक्षकांनी इकडे यावे. सिस्टर, डॉक्टर आणि १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी एकत्र शिकावेत, कारण वेळ आल्यावर त्यांना एकत्रच काम करायचे असते. प्रमाणपत्र व्हिडिओ संपला म्हणून देऊ नये. पुतळ्याची छाती उचललेली शिक्षकाने पाहिली, की द्यावे.

पुढच्या रोवणीला साधारण नऊ महिने आहेत. सरावाच्या तीन फेऱ्या होण्याइतका हा वेळ आहे.