तेरावा रकाना

मंडळी, शेतालासुद्धा प्रगतिपुस्तक असतं, हे तुमच्यापैकी शहरात राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ते सुरू केलं. नाव मृदा आरोग्य पत्रिका. विषय एकूण बारा. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सारा जन्म प्रगतिपुस्तकं भरण्यात गेल्यामुळे असेल, पण मला आधी दिसतं ते शाळेने कोणता विषय घेतलाच नाही ते. इथे तो विषय आहे प्लास्टिक.

आमच्या शिरूर-दौंड भागात कलिंगड, खरबूज, मिरची, टोमॅटो आता मल्चिंग पेपरशिवाय लावत नाहीत. पेपर कसला, पंचवीस-तीस मायक्रॉनचं प्लास्टिक! पाणी वाचतं, तण येत नाही, फळाला माती लागत नाही. फायदे खरे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण हंगाम संपला की वेलांत गुंतलेला तो कागद निघता निघत नाही. थोडा ओढून काढतात आणि बांधावर पेटवतात, उरलेल्यावर रोटर फिरतो. टॉक्सिक्स लिंक या संस्थेने कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या शेतांची माती तपासली, तेव्हा तिच्यात अशा कागदाचे बारीक कण सापडलेच.

कण निदान भिंगाखाली दिसतात. प्लास्टिकमध्ये मुरवलेली रसायनं मात्र तशीही दिसत नाहीत. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ पडावं म्हणून त्यात थॅलेट नावाचे तेलकट पदार्थ घालतात. ते प्लास्टिकशी जोडले जात नाहीत, नुसते मुरून राहतात. पुरणपोळीच्या कणकेतलं तेल कसं कागदाला लागतं, तसे ते हळूहळू बाहेर येतात. मातीतले जिवाणू बिचारे काही आठवड्यांत, काही महिन्यांत त्यांचा फडशा पाडतात. पण आपण दर हंगामाला नवीन वाढून ठेवतो! उरलेलं मुळांवाटे पिकात शिरू शकतं.

इथे थोडा न्याय करायला हवा. मल्चिंगचा कागद पॉलिथिनचा असतो, त्यात थॅलेट पीव्हीसीइतकं लागत नाही. म्हणजे सगळं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. रानात वर्षानुवर्षं उन्हात पडलेले मऊ पाईप आहेत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुण्याचं सांडपाणी. शहराच्या सांडपाण्यात थॅलेट असतंच, कारण ते घरोघरच्या प्लास्टिकमधून येतं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते ती हे सगळं घेऊनच. शिवाय मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्याने हवेली आणि दौंडच्या शेतांना पाणी येतं तेही पुण्याचंच सांडपाणी. त्यावर प्रक्रिया किती होते, हे भांडण जुनं आहे. धरणांचं चांगलं पाणी शहराने प्यायचं, वापरलेलं खाली पाठवायचं आणि त्यावर पिकलेली भाजी परत मंडईत विकत घ्यायची. कोण कुणाला फसवतंय? (दौंडकडच्या काही गुऱ्हाळांवर चुलवणात प्लास्टिक आणि टायर जाळतात, अशाही बातम्या मधूनमधून येतात. त्यावर पुन्हा कधी तरी सविस्तर.)

हे पदार्थ शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, मुलग्यांच्या वाढीवर परिणाम करू शकतात. म्हणून युरोपने २००५ साली लहान मुलांच्या खेळण्यांतल्या काही थॅलेटवर कायमची मर्यादा घातली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळणी मानकांना उतरावी लागतात आणि त्यात थॅलेटची तपासणी आहे. नातवाने तोंडात घातलेलं रबरी बदक तपासायचं, त्याच्या ताटातली मेथी ज्या मातीत उगवली ती नाही!

हे ऐकून माझा पुतण्या म्हणाला, "काका, कागद नाही टाकला तर खुरपणीला बाया कुठनं आणू? आणि गोळा केलेला टाकू कुठं? घंटागाडी काय रानात येती व्हय?" त्याचं चुकतंय असं मला अजिबात वाटत नाही. कागद अंथरायला सरकार निम्मं अनुदान देतं. तो उचलायला मात्र दमडी नाही. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकचे चमचे-स्ट्रॉ बंद झाले, पण शेतातल्या कागदाचं त्या यादीत नाव नव्हतं. बंदी घाला असं मी म्हणतच नाही. चीनने २०१८ पासून कागदाची किमान जाडी वाढवली, कारण फार पातळ कागद फाटतो आणि अखंड निघत नाही. आपणही जाडीचा नियम कडक पाळावा, जुना कागद परत आणून देणाऱ्याला किलोमागे पैसे द्यावेत आणि पत्रिकेत तेरावा रकाना घालावा. सगळ्या शेतांची तपासणी परवडणार नाही हे मान्य. नदीकाठच्या आणि बेबी कालव्यावरच्या काही गावांपासून सुरुवात करा, आणि तो खर्च पुण्याच्या पाणीपट्टीतून घ्या. पुण्यातले माझे भाचे-भाच्या यावर चिडणार, ठाऊक आहे. चिडा खुशाल.

आमच्या पुढच्या ग्रामसभेत जुना कागद गोळा करण्यासाठी एक शेड मागणार आहे. तुमच्या कुणाच्या गावात असं काही सुरू असेल, तर भंगारवाला किलोला काय भाव देतो तेवढं मला कळवा.