गायरान की दावण?

गेल्या रविवारी मिस्सानंतर खानापूरकडील एक गृहस्थ थांबले. घरच्या दोन गावरान गाई विकाव्यात, वर कर्ज काढावे आणि एक संकरित गाय दावणीला बांधावी, असा त्यांचा विचार. "फादर, घेऊ ना?" सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, आंबोण शिकविले नाही, तरी पेन्सिल घेऊन आम्ही दोघे बसलो.

गाईला स्वतःच्या पोषणासाठी रोज सुमारे १.५ किलो आंबोण लागते आणि पुढे दर २.५ लिटर दुधामागे १ किलो, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे १० लिटर देणाऱ्या गाईस ५.५ किलो. किलोभर आंबोण व लिटरभर दूध यांची किंमत सारखी धरली, तर निम्म्याहून अधिक दूध आंबोणातच जिरले. उरलेल्या ४.५ लिटरांतून वैरण, औषधपाणी आणि बँकेचा हप्ता भागवावयाचा. शिवाय विण्यापूर्वी सुमारे दोन महिने गाय आटलेली असते. तिचे तोंड मात्र चालूच राहते, आणि हप्ताही.

गावरान गाय दोन-तीन लिटरच देते. परंतु पावसाळ्यात ती गायरानात चरून आली की विकतचा खर्च थोडाच. गोचिडांमुळे येणारा थायलेरियाचा ताप संकरित जनावरांना जसा लोळवितो, तसा तिला सहसा लोळवीत नाही. मात्र चराई फुकट असते हा समज सोडावा. दिवाळीनंतर गवत वाळते. मग भाताच्या पेंढ्यावर दिवस काढावे लागतात व दूध घटते. आणि गुरांमागे जातो कोण? पुष्कळ घरी शाळेतला मुलगा. तो खर्च कोणी वहीत मांडीत नाही, म्हणून मी तो मुद्दाम लिहावयास लावला.

विहिरीला मे महिन्यात पाणी असते काय, असे मी विचारले. असते म्हणाले. मग आधी बांधालगत हत्तीगवत लावा, असे मी सुचविले; आणि घरच्याच गाईस कृत्रिम रेतन करून घ्या. कालवड दुधाला येईपर्यंत तीन-चार वर्षे जातील, पण कर्ज लागणार नाही. त्यांचा चेहरा थोडा उतरला, हे मी लपवीत नाही.

जाता जाता त्यांनी सांगितले की, गावच्या गायरानाचा एक तुकडा कोणी कुंपण घालून घेतला आहे. गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिला आहे. येत्या ग्रामसभेत ते हा विषय मांडणार आहेत. शेजारची दोन कुटुंबे त्यांच्यासोबत उभी राहणार आहेत.